टिटवी गप्प होईपर्यंत

डोळ्याचा आतला पडदा सुटतो तेव्हा दुखत नाही. दुखले असते तर मी आठवडाभर कॅमेऱ्याला दोष देत बसलो नसतो.

हा मजकूर माझ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून लिहिला आहे. माझ्यासारखेच दोन्ही डोळे बांधून त्यांच्या वॉर्डात पडून राहणाऱ्यांना तो कोणीतरी वाचून दाखवावा, अशी त्यांची कल्पना. म्हणजे हा ऐकणाऱ्यासाठी आहे, आणि खाटेशेजारी बसून वाचणाऱ्यासाठीही. उपचार काय करायचे ते डॉक्टर सांगतील. इथे फक्त काय घडले ते आहे.

सत्तरचे दशक संपत आले होते. पुण्याच्या एका मराठी दैनिकात मी उपसंपादक होतो. आलेल्या बातम्या तपासायच्या, कापायच्या, मथळे द्यायचे, छपाईआधीची मुद्रिते वाचून चुका काढायच्या. घर पिंपरीला. घरात आई, पत्नी शालन आणि मी. शालन चिंचवडच्या एका शाळेत शिक्षिका. माझा डावा डोळा जन्मापासून मंद. त्याने मोठा मथळा जेमतेम लागतो. वाचणे, लिहिणे, फोटो काढणे, सगळे उजव्या डोळ्यावर चाले. त्याच्यावर जाड भिंग होते, पण त्याने कधी तक्रार केली नव्हती.

लपण

रविवारी मी पक्ष्यांचे फोटो काढत असे. बरोबर रशीद. त्याचे निगडीला मोटारसायकल दुरुस्तीचे गॅरेज होते. कॅमेरा माझा, फटफटी त्याची. पवनेच्या काठी खंड्या आणि ढोकरी मिळत. पण आमचे मन चाकणकडच्या माळावर होते. तिथे तेव्हा कारखान्यांचे कुंपणाचे खांब नुकते रोवले जात होते, आणि खांबांच्या मधल्या मुरमाड जमिनीवर टिटव्या अंडी घालत.

टिटवी घरटे बांधत नाही. खड्यांमध्ये खड्यांसारखीच दिसणारी चार अंडी. एप्रिलच्या उन्हात ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवते आणि परत येऊन अंड्यांवर उभी राहते. ओल्या पोटाने अंड्यांवर उभी राहिलेली टिटवी, एवढा एक फोटो मला हवा होता. दोन उन्हाळे तो हुकला होता.

फोटोसाठी लपण लागते, पक्ष्याला आपण दिसू नये असा आडोसा. आमचे लपण बांबूच्या चार काठ्या आणि चाकणच्या बाजारातून आणलेल्या कांद्याच्या गोण्या एवढेच. आत बसले की डोळ्यांना पाणी येई. लपणात शिरण्याची एक रीत आहे. एकटा माणूस आत गेला तर टिटवी विसरत नाही. तासभर घिरट्या घालून ओरडत राहते. म्हणून दोघांनी एकत्र जायचे. एक आत बसतो, दुसरा उठून मुद्दाम पाय वाजवत, मागे न बघता निघून जातो. पक्ष्याला वाटते, माणूस गेला. थोड्या वेळाने ओरडणे थांबते आणि पाखरू अंड्यांवर येते. जाणारा नेहमी रशीद असे.

शालनला हे पहिल्यांदा सांगितले तेव्हा ती पोळ्या लाटता लाटता हसली होती.

"दोनपर्यंत मोजता येत नाही? माझ्या पहिलीच्या वर्गात बसवा तिला."

तीन खुणा

पहिली खूण काजळीची. डोळ्यासमोर बारीक काळे कण तरंगू लागले. आमच्या भागात ओतशाळांची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवरही बसते. मी चष्मा पुसला.

दुसरी खूण ठिणग्यांची. नजरेच्या कडेला वीज चमकल्यासारखे होई. त्याच आठवड्यात एका कारखान्याची बातमी करायला मी वेल्डिंगच्या शेडमध्ये उभा राहिलो होतो. त्याचेच असेल, असे धरून चाललो.

तिसरी खूण रविवारी माळावर दिसली. लपणात बसून कॅमेरा डोळ्याला लावला, तर चौकटीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात काळी पट्टी. कॅमेरा जुना, दुसऱ्याच्या हातचा. त्याच्या आतला आरसा अधूनमधून अडकत असे, हे मला ठाऊक होते. फोटो काढल्यावर आरसा खाली आला नाही की चौकट अंधारते. त्यामुळे मला नवल वाटले नाही. राग आला, कारण टिटवी तेव्हाच ओल्या पोटाने आली होती.

सोमवारी ऑफिसला जाताना कॅमेरा पुण्यात दुरुस्तीला दिला. दुकानदाराने उघडून पाहिले आणि आरसा खरोखरच अडकतो आहे, असे सांगितले. इथे माझी खात्री पटली.

आठवडाभर ऑफिसात काहीच जाणवले नाही. कारण नंतर कळले. दोन्ही डोळे उघडे असले की उजव्याची ती नाकाकडची बाजू डावा सांभाळून घेतो. मंद डोळाही कडेचे बघतो. फोटो काढणारा मात्र एक डोळा मिटतो. म्हणून ती पट्टी फक्त कॅमेऱ्यातच दिसत होती. फोटो न काढणाऱ्या माणसाला कदाचित उशिरा कळले असते. पण कळल्यावर त्याने कॅमेरा दुरुस्तीला टाकला नसता.

गॅरेज

पुढच्या रविवारी दुरुस्त कॅमेरा घेऊन रशीदच्या गॅरेजवर गेलो. तो फटफटीला किक मारत होता. मी कॅमेरा डोळ्याला लावून पाहिले. पट्टी होतीच. आता ती अर्ध्या चौकटीपर्यंत चढली होती.

"फसवलं त्याने," मी म्हणालो. "आरसा तसाच आहे."

"आण इकडे." रशीदने हात पुसले, कॅमेरा घेतला, रस्त्याकडे रोखला, मग माझ्याकडे. "राव, सगळं साफ आहे की. तुझं थोबाडसुद्धा दिसतंय, वाईट एवढंच."

"खाली काळं दिसत नाही?"

"काळं? अरे, काच आहे काच. पेपरवाल्यांना प्रत्येक गोष्टीत भानगड दिसते."

मी त्याच्याकडे बघत होतो. डावा डोळा सवयीने अजून मिटलेलाच होता. कॅमेरा त्याच्या हातात होता, आणि तरीही पट्टी माझ्यासमोर होती. तिच्यामागे रशीदचा शर्ट खालच्या बटणापासून छातीपर्यंत नाहीसा झाला होता.

"रशीद, हलू नकोस," मी म्हणालो. डावा उघडला, शर्ट दिसला. मिटला, शर्ट गेला.

त्याचे हसणे थांबले. "काय झालं, भावा?"

"आज माळावर नको," एवढेच मी म्हणालो.

निदान

सोमवारी सकाळी रशीदने फटफटीवरून पुण्याच्या रुग्णालयात नेले. शालनला मी काही सांगितले नव्हते. ती शाळेत गेली होती. डॉक्टरांनी बाहुली मोठी करणारे औषध घातले, अंधाऱ्या खोलीत बराच वेळ पाहिले. मग विचारले, "आलात कशाने?"

"मोटारसायकलवर."

त्यांनी चिमटीतला दिवा विझवला.

"आतला पडदा सुटलाय. बराचसा. मधला भाग अजून चिकटलाय की सुटतोय, ते काठावर आहे. आजच दाखल व्हायचं."

"घरी सांगून येतो."

"तुम्ही आता चालायचं नाही."

त्या खोलीत मी माझ्या पायांनी गेलो होतो. बाहेर आलो तो ढकलगाडीवर आडवा, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. शेवटचे पाहिले ते भिंतीवरचे अक्षरांचे कोष्टक. खालची ओळ मला वाचता आली नव्हती. आदल्या शनिवारी मी त्याहून बारीक अक्षरातली मुद्रिते तपासली होती.

रशीदने शाळेत निरोप दिला आणि दुपारी शालन आली. तिने माझा हात धरला तेव्हा तिच्या बोटांवर खडूची पूड होती.

"मला का नाही सांगितलंत?"

"काही विशेष नाही. बरा आहे मी."

हे वाक्य पुढे मी तिला रोज म्हणालो.

वाळूच्या पिशव्या

शस्त्रक्रियेआधी काही दिवस पडून राहायचे होते, म्हणजे सुटलेला पडदा थोडा खाली बसेल. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मान हलवायची नाही. खोकायचे नाही, शिंकायचे नाही, जोर करायचा नाही. रडायचेही नाही, असे सिस्टरनी पहिल्याच दिवशी सांगितले; औषध सांगावे तशाच आवाजात.

सगळ्यात मोठी भीती शिंकेची वाटते. वॉर्डात फरशी पुसताना फिनेलचा वास आला की नाकात हुळहुळे. तोंड उघडे ठेवून, वरच्या ओठावर बोट दाबून ती परतवायची. ज्यांना हे वाचून दाखवले जात आहे त्यांनी लक्षात ठेवावे: बोट नाकाखाली दाबायचे, डोळ्याजवळ न्यायचे नाही.

लपणात बसल्याचा उपयोग झाला. तासन्‌तास न हलण्याची मला सवय होती. मुंगी मानेवर चढली तरी सोसायची. फरक इतकाच की लपणात समोर काहीतरी येणार असते.

पातळ पेज चमच्याने भरवली जाई. बाकीचे विधी खाटेवरच. लाज दोन दिवस वाटते, मग वाटेनाशी होते.

कान मात्र मोकळे होते. खिडकीबाहेर झाड असावे, कारण सकाळपासून तांबट ठोके द्यायचा: टुक, टुक, टुक, पत्रा ठोकल्यासारखे. दुपारी सातभाईंची टोळी भांडत यायची. शेजारच्या खाटेवर खेडच्या बाजूचे एक आजोबा होते. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेला एक डोळा बांधलेला, दुसरा उघडा. मी पक्ष्यांची नावे सांगू लागलो तसे ते खाटेवरून सरकून बसू लागले.

"ह्यो कोन?"

"तांबट."

"आमी त्याला कदी बघितलंच न्हाई. निस्ता आवाज." मग थोड्या वेळाने, "तुमी काय पाखरं इकता का?"

"फोटो काढतो. टिटवीचे."

"टिटवीचे?" ते मोठ्याने म्हणाले. "आरं देवा. तिचं तोंड बघाया माळावर जाता व्हय? आमची म्हातारी ती वरडली तर चूल सोडून शिव्या द्यायला भायेर येती."

माझ्या आईचेही तेच मत होते. ती आली की खाटेच्या पायथ्याशी बसून माझ्या पावलांना तेल लावी आणि बोलत राही. "चांगली नोकरी हाय, चांगली बायको हाय. त्या रांडमुंडीच्या अंड्यांपाशी बसायची काय गरज व्हती? त्यो कॅमेरा इका आदी." एकदा शालन म्हणाली, "आई, डोळ्याचा आणि पक्ष्याचा काही संबंध नाही." त्यावर आई म्हणाली, "तूच जाऊ दिलंस त्याला दर आइतवारी." चमचा भांड्यावर आपटल्याचा आवाज आला. मला दोघींचीही तोंडे दिसत नव्हती, आणि मान वळवायची सोय नव्हती.

नंतर

शस्त्रक्रिया झाली. तिच्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. जाग आली तेव्हा डोळ्याच्या जागी कोणीतरी गरम विटेचा तुकडा ठेवल्यासारखे वाटत होते. पट्ट्या पुन्हा दोन्ही डोळ्यांवर. वाळूच्या पिशव्या पुन्हा जागेवर.

पुढचे दिवस सर्वांत वाईट गेले. दुखणे ओसरत गेले, पण माहिती मिळेना. डॉक्टर रोज पट्टी बदलायला येत, उजव्या डोळ्यात दिव्याचा प्रकाश टाकत. मला फक्त लालसर उजेड कळे, तेवढ्यात नवी पट्टी बसे.

"कसं आहे?"

"ठीक आहे. पूर्ण पट्टी निघाल्याशिवाय काही सांगता येत नाही."

सिस्टर म्हणत, "छान होईल." रशीद म्हणे, "टॉप होणार, राव. नवीन इंजिन बसवलंय." शालन म्हणे, "डॉक्टर समाधानी आहेत." मी पंधरा वर्षे दुसऱ्यांच्या बातम्या तपासत होतो. तीन माणसे तीन प्रकारे चांगलेच सांगतात आणि एकही तपशील देत नाहीत, तेव्हा त्या बातमीत काय असते, हे मला ठाऊक होते.

नोकरी त्या डोळ्यावर होती. शालनच्या पगारावर घर चालले असते. पण मुद्रित न वाचू शकणारा उपसंपादक करणार काय, याचे उत्तर मला सापडत नव्हते. रोज मी तेच तेच मोजून पाहत होतो आणि रोज तिला "बरा आहे" म्हणत होतो.

मग मी ठरवले की आपणच तपासायचे.

दुपारच्या जेवणानंतर वॉर्ड शांत होतो. सिस्टर आतल्या खोलीत चहाला जातात. आजोबा घोरतात. पट्टीची खालची कड गालावर चिकटवलेली असे; रोज दुपारपर्यंत घामाने ती सैल होई. बोट घालून ती जराशी उचलायची, एक क्षण छताकडे बघायचे आणि परत बसवायची. डोळा चोळायचा नाही, मान हलवायची नाही. चुकून धक्का बसला तर काय होईल, ते डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच सांगितले होते: जोडलेले पुन्हा सुटेल, आणि दुसऱ्यांदा जोडता येईलच असे नाही. हे मला माहीत होते. तरीही मी ठरवले.

दोघे आले होते

त्या दुपारी शालन आणि रशीद एकत्र आले. रशीद स्टुलावर बसून गॅरेजमधल्या गमती सांगत होता. शालन म्हणाली ते एकच:

"काल रात्री झोप लागली का?"

"लागली. बरा आहे मी."

"बरं," ती म्हणाली.

मग रशीद उठला. "चला, वहिनी. पेपरवाल्याला झोपू द्या." स्टूल सरकले. पावले निघाली, रशीदच्या बुटांचा जड आवाज, फरशीवर खाडखाड, दारापर्यंत, मग जिन्यावर. दूर गेला, नाहीसा झाला.

मी ऐकत राहिलो. आतल्या खोलीत कपबशी वाजली. आजोबांच्या घोरण्याचा आवाज नव्हता, पण बोलण्याचाही नव्हता. बाहेर तांबट ठोकत होता. तो मध्ये थांबला, पुन्हा सुरू झाला.

मी उजवा हात चादरीबाहेर काढला. कोपर खाटेवरच ठेवला, म्हणजे खांदा हलणार नाही. बोटे गालावरून वर नेली. पट्टीची कड सापडली. ती सैल होती. नख तिच्याखाली गेले. कापसाच्या आत हवा शिरल्याचा गारवा कळला.

कोणीतरी माझे मनगट धरले.

आवाज नाही, धक्का नाही. नुसते घट्ट धरले आणि तसेच जागेवर ठेवले. मग दुसऱ्या हाताने माझी बोटे एकेक करून पट्टीपासून सोडवली. बोटांवर खडूची पूड होती.

"खाली ठेवा हात," शालन म्हणाली. "हळू."

मी ठेवला. माझे काळीज इतके धडधडत होते की त्यानेच डोळा हलेल, असे वाटले.

"तू गेली नव्हतीस?"

"दोघं आलो होतो," ती म्हणाली. "एक गेला."

ती पुढे म्हणाली, "काल पट्टीची कड उचकटलेली दिसली होती. आणि तुम्ही रोज बरे असता. म्हटलं, एकटे असताना किती बरे असता ते बघावं. रशीदभाईंना सांगितलं, पाय जोरात आपटत जा."

शेजारच्या खाटेवरून आवाज आला. "मला दिसत व्हतं. पर बाईनं बोट ओठावर ठेवलं व्हतं. म्हून घोरलो न्हाई."

त्या वेळी हसायला मनाई नसती तर मी हसलो असतो. शालनही हसली नाही. तिने माझे मनगट सोडले नव्हते.

"आता तू सांग," मी म्हणालो. "डॉक्टर तुला काय म्हणाले? जसंच्या तसं. समाधानी वगैरे नको."

तिने स्टूल खाटेजवळ ओढले.

"मधला भागसुद्धा सुटला होता," ती म्हणाली. "ऑपरेशनच्या आधीच. ते जोडलंय, पण तिथली नजर पहिल्यासारखी येत नाही, असं म्हणाले. माणसं ओळखाल, रस्ता दिसेल. बारीक अक्षर... बारीक अक्षराची खात्री नाही म्हणाले. तुम्ही रडाल म्हणून सांगितलं नाही. रडायचं नव्हतं ना."

मी रडलो नाही. खरे सांगायचे तर त्या दुपारी मी प्रथमच गाढ झोपलो. बातमी वाईट होती, पण ती पूर्ण होती. शेजारी बसून हे वाचून दाखवणाऱ्यांना एवढे एकच सांगणे आहे. पट्टी बांधलेला माणूस तुमचा आवाज दिवसभर तपासत असतो. त्याला जे माहीत आहे ते सांगा. न सांगितलेल्याची जागा तो स्वतःच भरतो, आणि त्याने भरलेले नेहमी जास्त वाईट असते. आणि पडून असणाऱ्यांनी "बरा आहे" म्हणणे थांबवावे. त्यावर कोणाचाही विश्वास बसत नाही.

त्या दिवसापासून शालन रोज दुपारी बसू लागली. आवाज करून बसत असे. बांगड्या वाजवायची, वह्या तपासायची, चुकीच्या बेरजांवर पुटपुटायची. ती असली की हात चादरीखालीच राहत.

पट्टी

पट्टी निघाली त्या सकाळी डॉक्टरांनी खिडकीचे पडदे ओढायला सांगितले. आधी नुसता पिवळट उजेड. मग त्यात आकार. डॉक्टरांनी बोटे धरली.

"किती?"

"तीन."

"आता?"

"दोन." मग मी म्हणालो, "पण ती वाकडी आहेत."

"वाकडी दिसणार," ते म्हणाले. खिडकीचे गजही मध्ये वाकलेले होते, कोणीतरी गुडघा लावून दाबल्यासारखे. शालनचा चेहरा दिसला. नाकाजवळ जरा सरकलेला, पण तीच.

"कशी दिसते?" तिने विचारले.

"मुद्रितात बिघडलीस," मी म्हणालो. "छपाईत नीट येशील."

आजोबा म्हणाले, "चला, म्हंजे जीभ शाबूत हाय."

घरी सोडताना एक काळा चष्मा मिळाला. काचेच्या जागी पत्रा आणि मध्ये टाचणीच्या टोकाएवढे छिद्र. डोळे इकडेतिकडे फिरू नयेत म्हणून सरळ समोरचेच दिसावे, अशी योजना. रशीद तो पाहून म्हणाला, "हा तर तुझ्या कॅमेऱ्याचाच भाऊ." आईने तो चष्मा पाहिला आणि प्रथमच कॅमेरा विकण्याची गोष्ट काढली नाही. पदर डोळ्यांना लावून ती आत गेली.

वजन उचलायचे नाही, वाकायचे नाही, फटफटीवर बसायचे नाही. हे कायमचे. काही महिन्यांनी कामावर गेलो. मुद्रिते दुसरा वाचतो. मथळे मी देतो. ते मोठ्या अक्षरात असतात. बारीक मजकूर भिंग धरून लागतो, पण ओळी मध्ये खचतात आणि अर्ध्या स्तंभानंतर डोळा दमतो. यापेक्षा जास्त सुधारणा होणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. सरळ सांगितले, माझ्यासमोर.

पुढचा एप्रिल

कॅमेरा वर्षभर कपाटात होता. त्याचा आरसा आता अडकत नाही. मी तो डोळ्याला लावला तर चौकटीच्या कडा वळतात आणि नेमके कुठे स्पष्ट झाले ते कळत नाही. डाव्याचा काही उपयोग नाही.

पाडव्याच्या सुमारास रशीद घरी आला. "माळावर जोडी आलीय. खांबांच्या अलीकडे. अंडी चार." मग माझ्याकडे न बघता, "वहिनी, तुम्हाला कॅमेरा धरता येतो का?"

शालनने आधी नाही म्हटले. मग तिने कॅमेरा घेतला आणि आठवडाभर गच्चीवरच्या चिमण्यांवर, दोरीवरच्या कपड्यांवर, आईवर रोखला. आई म्हणाली, "त्या टिटवीपायी आता सून बी गेली." पण ती हलली नाही, शालनचे होईपर्यंत तशीच बसून राहिली.

आम्ही दोघे बसने चाकणला गेलो. रशीद लपण उभारून, फटफटी दूर ठेवून बांधावर बसला होता. गोण्या नव्या होत्या, वास तोच. माळावर पाय ठेवला तसा तिचा आवाज डोक्यावर आला. टिट्-टिटिट्-टी. ती आमच्याभोवती फिरत, ओरडत राहिली. मला ती दिसत नव्हती, दिसली तर आकाशात वाकडा ठिपका. पण आवाज कुठून येतो ते बरोबर कळत होते.

आम्ही दोघे लपणात शिरलो. मी हाताने चाचपून कॅमेऱ्याचे तोंड अंड्यांकडे आहे ना ते पाहिले. शालन आत बसली.

"पोट ओलं असेल तेव्हाच," मी म्हणालो. "आधी दाबू नकोस."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही निघा. मागे बघायचं नाही."

मी बाहेर आलो. मुरमावर पाय आपटत चालू लागलो. टिटवी माझ्या डोक्यावरून आली, आणखी थोडे अंतर सोबत ओरडत आली. बांधावर रशीद बसला असावा. त्याच्या बिडीचा वास येत होता. मी तिकडे चालत राहिलो.

मग ती गप्प झाली.

मी मागे पाहिले नाही.